वैमानिकासाठी हवाबंद कुपी

हवा म्हणजे मऊ, असे आपण धरून चालतो. २६ फेब्रुवारी १९५५ रोजी अमेरिकन चाचणी-वैमानिक जॉर्ज स्मिथ यांना मात्र हवेचे वेगळेच रूप दिसले. त्यांचे एफ-१०० विमान आवरेना, तेव्हा ध्वनीहून अधिक वेगात ते खुर्चीसकट बाहेर पडले. हवेच्या तडाख्याने शरीराच्या आत गंभीर इजा झाली. पाच दिवस ते बेशुद्ध होते. तरीही ते वाचले.

असे का झाले? घनता तीच असेल, तर समोरून येणाऱ्या हवेचा दाब ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर मारा चौपट! म्हणून ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या बी-५८ या बॉम्बफेकी विमानात खुर्चीलाच झाकणे बसवली. ती मिटली की हवाबंद कुपी तयार होई. आतल्या दांड्याने वैमानिक विमान सांभाळूही शके. १९६२ साली माणसांप्रमाणेच गुंगी दिलेल्या अस्वलांवरही चाचण्या झाल्या. ३५,००० फुटांवर, ध्वनीहून अधिक वेगात बाहेर टाकलेले एक अस्वल हवाई छत्रीने जिवंत उतरले.

पुढे एफ-१११ विमानात दोघा वैमानिकांची अख्खी केबिनच सुटून येई. पण अशी यंत्रणा जड, महाग आणि देखभालीला किचकट. बी-१ विमानाच्या पहिल्या नमुन्यांत ती होती. नंतरच्या बी-१बीमध्ये पुन्हा खुर्च्याच आल्या. कारण विमान सोडण्याची वेळ बहुधा कमी वेगातच येते. सर्वांत वाईट प्रसंगासाठी किती वजन वाहायचे, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा.