वरोऱ्यातला र

फळ्यावर 'वरोरा' लिहिलं की आपल्याला तीन अक्षरं दिसतात. संगणक मात्र पाच क्रमांक साठवतो: व, र, ओकाराची मात्रा, पुन्हा र आणि काना. अक्षराचा आकार फाँट नंतर काढतो.

आता 'वरोऱ्यात' लिहू. इथे र ला य जोडायचा, पण रफार चालत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. पहिल्यात 'द'वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. हिंदीला हा भेद लागत नाही. मराठीचं त्यावाचून अडतं.

अमेरिकेत 1963 साली ठरलेल्या आस्की संकेतात 128 जागा होत्या, त्या इंग्रजीपुरत्या. आपल्याकडे 1988 मध्ये इस्की आली आणि 1991 मध्ये आयएस 13194 हे भारतीय मानक झाली. ब्राह्मीच्या लेकींची वर्णमाला एकच, म्हणून देवनागरी, बंगाली, तमिळ सगळ्यांच्या 'क'ला एकच क्रमांक! आम्हाला ही कल्पना फार देखणी वाटते. तिच्यात र 207 आणि ऱ 208. हा ऱ खरं तर दक्षिणेकडच्या भाषांचा. पण त्याचा पाय मोडून पुढे य ठेवला की मराठीचा 'ऱ्य' मिळतो.

छापखान्यांत मात्र वेगळाच कारभार चालला. प्रत्येक फाँटचे क्रमांक त्याचे स्वतःचे, तेही आकारांना दिलेले. तो फाँट नसला की धड्याच्या जागी चित्रविचित्र खुणा. अशा फायली आजही निघतात.

युनिकोड 1991 मध्ये आलं. त्यातल्या देवनागरीची मांडणी 1988 च्या इस्कीवरून घेतलेली. तरी 1996 च्या दुसऱ्या आवृत्तीत 'ऱ्य'साठी साधा र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण अशी रीत होती. पुढे इस्कीची रीत घेतली, पण जुनं लिखाण वाचता यावं म्हणून पहिलीही ठेवली. परिणामी 'वरोऱ्यात' दोन तऱ्हांनी साठवता येतं. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण आज्ञावलीत खास सोय नसेल तर एक शोधताना दुसरं सापडत नाही. मुलांच्या नावांच्या यादीत 'गोऱ्हे' शोधून मिळत नसेल, तर हे तपासावं.

'ॲ'ला स्वतंत्र जागा मिळायला 2008 उजाडलं. याच जिल्ह्यांतल्या जंगलपट्टीत बोलली जाणारी गोंडी तर त्याहून मागे राहिली: मसराम गोंडी लिपी 2017 मध्ये आणि शेजारच्या आदिलाबादकडची गुंजाळा गोंडी 2018 मध्ये युनिकोडात आली.