लिस्बनचा जुना नगरभाग : भूकंप, चौक आणि प्रवचनपीठ

गोमंतकाच्या ख्रिस्ती इतिहासात लिस्बन हे नाव पहिल्या पानापासून येते. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, तेथून भारताकडे निघाले. 'क्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनीही ४ एप्रिल १५७९ रोजी तेच बंदर सोडले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते गोव्यास पोचले. आपल्या दृष्टीने लिस्बन म्हणजे गलबते सुटण्याचे ठिकाण; त्या शहराचा स्वतःचा मध्यभाग आपल्या अभ्यासात क्वचितच येतो. प्रवचनाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी तो एकदा पायी, निदान मनाने तरी, फिरून पाहावा. टेजो नदीच्या काठापासून रोसिओ चौकापर्यंतची वाट दहा-बारा मिनिटांची आहे. संकटाच्या काळी लोकांना धर्मगुरूंनी काय सांगितले आणि त्याचा परिणाम काय झाला, याच्या खुणा या एवढ्याशा वाटेवर आहेत.

नदीकाठच्या विस्तीर्ण चौकास लोक आजही 'राजवाड्याचे अंगण' या अर्थाच्या जुन्या नावाने ओळखतात. राजवाडा मात्र तेथे नाही. १ नोव्हेंबर १७५५, शनिवार, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास मंदिरे उपासकांनी भरलेली होती, वेद्यांवर मेणबत्त्या तेवत होत्या. अशा वेळी काही मिनिटे भूमी हादरत राहिली. मंदिरांची छते आत कोसळली. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकडे धावले. पुढे थोड्याच वेळात पाणी मागे हटले आणि मग उंच लाटांच्या रूपाने परत आले. उलथलेल्या मेणबत्त्यांनी व चुलींनी लागलेली आग पाच-सहा दिवस धुमसत होती. राजवाडा, त्यातील सुमारे सत्तर हजार ग्रंथांचा संग्रह, अवघ्या सात महिन्यांपूर्वी उघडलेले राजाचे संगीतगृह, सारे गेले. मृतांच्या संख्येबाबत इतिहासकारांत एकमत नाही. दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंतचे अंदाज आहेत.

चौकातून कमानीखालून आत गेले की 'बाइशा' हा खालचा नगरभाग लागतो. येथील रस्ते सुताने आखल्यासारखे सरळ आहेत, आणि सोनार, चांभार, कापडवाले, खोगीरवाले अशा धंद्यांची नावे ते अजून सांगतात. ही रचना भूकंपानंतरची. राजा जोझे पहिला याचा मंत्री सेबास्तियाओ जोझे द कार्व्हालो, जो पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आला, त्याने राज्ययंत्रणा हाती घेतली. रोगराई पसरू नये म्हणून पेट्रिआर्कांची अनुमती मिळवून प्रेते होड्यांतून नेऊन समुद्रात सोडण्यात आली. आराखड्याचे काम मानुएल दा माया या सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या स्थापत्यविशारदाकडे आले. हाच वृद्ध राजदप्तराचाही रक्षक होता. दप्तराचा बुरूज कोसळला तेव्हा आतील कागदपत्रे वाचली याचे श्रेय पुष्कळसे त्याचे. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी फुल्यांचा सांगाडा बसविण्यात आला. त्याला तेथे 'पिंजरा' म्हणतात. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटीत चालायला लावून त्याची परीक्षा घेतली, असे सांगतात. मंदिरेही घरांच्याच ओळीत उभी आहेत. बहुतेकांना मनोरे नाहीत. नव्या लिस्बनमध्ये ख्रिस्तसभेने रस्त्याच्या रेषेबाहेर येऊ नये, हा मंत्र्याचा आशय त्या दर्शनी भिंतींवरून वाचता येतो.

याच मंत्र्याच्या राजवटीत १७५६च्या आरंभी देशातील धर्मग्रामांकडे एक प्रश्नावली गेली. हादरा किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ टिकला? एका बाजूकडून अधिक जाणवला काय? किती घरे पडली, किती माणसे मेली? समुद्र आधी ओसरला की आधी चढला, आणि नेहमीच्या पातळीहून किती वीत वर आला? विहिरी व झरे यांत काय फरक पडला? जमिनीस भेगा पडल्या काय, आणि त्यांतून काही बाहेर आले काय? गावोगावच्या धर्मगुरूंनी उत्तरे लिहून पाठविली. पुष्कळशी आजही लिस्बनच्या राष्ट्रीय दप्तरात आहेत आणि भूकंपशास्त्राचे अभ्यासक त्यांच्या आधारे त्या दिवसाच्या धक्क्यांचा अंदाज बांधतात. ही उत्तरे लिहिणारे कोणी विद्वान नव्हते. पण आपल्या गावात कोणती भिंत कोणत्या बाजूस पडली, आपल्या लोकांपैकी किती गेले, हे त्यांना ठाऊक होते व त्यांनी ते तसेच लिहिले. आपल्या पदाचा इतिहास लिहिताना या अनाम सहकाऱ्यांना आपण विसरतो, याची खंत वाटते.

त्याच वर्षी दुसरे एक लिखाण छापून आले. लेखक होते येशूसंघाचे इटालियन धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा. ब्राझीलमध्ये त्यांनी अनेक वर्षे खडतर सेवा केली होती आणि लोक त्यांना जिवंतपणीच संत मानीत. भूकंपाचे खरे कारण भूगर्भातील वाफा किंवा धूमकेतू नव्हे, लिस्बनची पापे हेच होय, असे त्यांनी प्रतिपादिले. कारण नैसर्गिक आहे असे म्हणणारे लोकांना पश्चात्तापापासून दूर नेतात. झोपड्या उभारण्याची धावपळ सोडून लोकांनी आध्यात्मिक तपसाधनेस बसावे, असा त्यांचा आग्रह. पश्चात्तापाचे आवाहन करणे हे धर्मगुरूचे कामच आहे, त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. परंतु लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्या अठरा जणांचा प्रश्न येतो. प्रभूने पश्चात्तापाचे आवाहन केले, मात्र ते अठराजण इतरांहून अधिक पापी होते हा निष्कर्ष स्पष्टपणे नाकारला. मालाग्रिदांनी आवाहन आणि निष्कर्ष दोन्ही एकत्र बांधले. शिवाय उघड्यावर पडलेल्या माणसाला छप्पर बांधू नको म्हणणे ही कोणती करुणा? अर्थात या दोषात ते एकटे नव्हते. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनीही भूकंपावर पुस्तिका लिहिली आणि तीत तो देवाचा न्याय ठरविला; फक्त त्यांच्या हिशोबात पाप लिस्बनच्या धर्मन्यायासनाचे होते. प्रत्येकाला कोसळलेल्या भिंतीखाली दुसऱ्याचेच पाप सापडले.

आता रोसिओ. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा, मध्ये स्तंभावर राजा पेद्रो चौथा, उत्तरेस राष्ट्रीय नाट्यगृहाची खांबांची इमारत. हे नाट्यगृह १८४६ साली उघडले. त्यापूर्वी त्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायासनाचा वाडा होता. मंत्र्याने मालाग्रिदांना प्रथम सेतुबाल येथे दूर धाडले. १७५८ साली राजावर गोळीबार झाला, १७५९मध्ये येशूसंघाला पोर्तुगीज राज्यातून हद्दपार करण्यात आले. गोव्यातील येशूसंघीयही त्याच वर्षी पकडले गेले आणि त्यांपैकी अनेकांनी टेजोच्या मुखावरील किल्ल्यात वर्षानुवर्षे कैद भोगली. बंदिवासात बुद्धी क्षीण झालेल्या मालाग्रिदांच्या काही विलक्षण लिखाणावरून धर्मन्यायासनाने त्यांना पाखंडी ठरविले. त्या न्यायासनाचा प्रमुख मंत्र्याचा सख्खा भाऊ होता. २१ सप्टेंबर १७६१ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, याच चौकात गळा आवळून त्यांना मारण्यात आले व देह जाळण्यात आला. ज्या सत्तेला त्यांचे प्रवचन अडचणीचे झाले, तिने त्यांच्यासाठी ख्रिस्तसभेचेच हत्यार उचलले. ते हत्यार तेथे तयार होते, हे अधिक दुःखद.

ते कसे तयार झाले, हे पाहण्यासाठी चौकाच्या ईशान्य कोपऱ्यातून संत दोमिंगोच्या मंदिराकडे वळावे लागते. तेराव्या शतकातील हे डॉमिनिकन मंदिर. १४९७ साली राजा मानुएल याने राज्यातील यहुद्यांचा सक्तीने बाप्तिस्मा करविला होता. त्यांना 'नवख्रिस्ती' म्हणत. १५०६च्या वसंतात शहरात दुष्काळ आणि प्लेग होता, राजा साथीमुळे बाहेर गेला होता. मंदिरातील क्रूसमूर्तीवर प्रकाश दिसू लागला, आणि लोक त्याला चमत्कार म्हणू लागले. १९ एप्रिल, पुनरुत्थानसणानंतरचा पहिला रविवार. एक नवख्रिस्ती उपासक म्हणाला की, हे मेणबत्तीचे प्रतिबिंब असावे. त्याला ओढून बाहेर काढून ठार मारले आणि रोसिओत जाळले. त्यानंतर दोन डॉमिनिकन व्रतस्थ क्रूस हाती घेऊन बाहेर पडले. नवख्रिस्त्यांना मारणाऱ्यांस त्यांनी पापक्षमेचे आश्वासन दिले. बंदरातील परदेशी खलाशीही जमावात मिसळले. तीन दिवसांत मारल्या गेलेल्यांचे आकडे सुमारे दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत सांगितले जातात. राजाने नंतर कठोर शिक्षा केल्या. त्या दोघा व्रतस्थांना देहान्त मिळाला. परंतु तीस वर्षांनी, १५३६मध्ये, पोर्तुगालात धर्मन्यायासन आले, आणि १५६०मध्ये त्याची शाखा गोव्यात. लिस्बनमधून गोव्यास येऊन भारतीय औषधींवर १५६३ साली ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता नवख्रिस्ती घराण्यातले. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८०मध्ये, त्यांची हाडे उकरून जाळण्यात आली.

संत दोमिंगोचे मंदिर १७५५च्या भूकंपात पडले, पुन्हा उभे राहिले, आणि १३ ऑगस्ट १९५९ रोजी आतून जळाले. १९९४ साली ते उपासनेस खुले झाले तेव्हा आगीच्या खुणा मुद्दाम झाकल्या नाहीत. खांबांचे दगड तडकलेले व करपलेले तसेच आहेत, आणि त्यांच्यामध्ये मिस्सा होते. इ.स. २०००मध्ये लिस्बनचे पेट्रिआर्क जोझे पोलिकार्पो यांनी १५०६च्या हत्याकांडाबद्दल यहुदी बांधवांची जाहीर क्षमा मागितली. २००८ साली मंदिरासमोरच्या लहान चौकात दाविदाचा तारा कोरलेला दगड बसविण्यात आला. त्यावर १९ एप्रिल १५०६ या दिवसाची नोंद आहे. एकेकाळच्या पोर्तुगीज वसाहतींतून, विशेषतः गिनी-बिसाउतून, आलेले लोक त्या चौकात दिवसभर उभे राहून गप्पा मारतात, काही किरकोळ माल विकतात, आणि मंदिरात जाणाऱ्याला त्यांच्यामधूनच वाट काढावी लागते.