लोखंड कुणाच्या हातात? वेल्डिंग शिकणाऱ्या पोरांसाठी थोडा इतिहास

मुकुंदवाडी असो की भीमनगर, ज्याच्या घरी लोडिंग रिक्षा आहे त्याला हा हिशेब पाठ असतो. फाळक्याची बिजागरी तुटते, सायलेन्सरचा ब्रॅकेट निखळतो, मडगार्डचा टाका सुटतो. काम दहा मिनिटांचं, पण गॅरेजात नंबर लागेपर्यंत अर्ध्या दिवसाचा धंदा बुडतो, आणि वर मजुरी द्यावी लागते ती वेगळीच. घरच्या विजेवर चालणारी छोटी इन्व्हर्टर मशीन बाजारात आल्यापासून म्हणूनच अनेकांना वाटतं, वेल्डिंग आपणच का शिकू नये?

यावर आपल्यातलेच काही शिकलेले लोक नाक मुरडतात. "बाबासाहेबांनी हातात पेन दिलं, आणि तुम्ही पोरांच्या हातात पुन्हा हातोडा देता?" हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यातला 'पुन्हा' हा शब्द मात्र इतिहासाला धरून नाही.

हातोडा आपल्या हातात होता कधी? गावगाड्यात ऐरण आणि भाता लोहाराकडे, वाकस आणि करवत सुताराकडे. महाराच्या हातात काठी होती. वेशीची राखण, सांगावा पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं ही त्याची कामं. म्हणजे राबायचं सगळ्यांसाठी, पण बाजारात विकता येईल असं एकही कसब अंगी येऊ द्यायचं नाही, अशी ही व्यवस्था होती. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त मांडलं, त्याचा हा रोजच्या जगण्यातला अर्थ.

कारखाने आले तेव्हा हे मोडेल असं वाटलं होतं. मुंबईच्या कापड गिरण्यांत काय घडलं ते पाहा. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण काय, तर नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने इतरांना विटाळ होई! यंत्र विलायतेचं, विटाळ मात्र इथलाच.

आता आपल्या जवळच्या मनमाडला येऊ. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचं तिथलं विधान आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेच्या वर्कशॉपचा हिशेबही मांडला होता, तो फारसा कुणी सांगत नाही. अस्पृश्य माणूस तिथे मेकॅनिक क्वचितच होतो, मिस्त्री क्वचितच होतो, फोरमन किंवा चार्जमन तर नाहीच. तो कुली म्हणून लागतो आणि कुलीच राहतो. लोहमार्गावर गँगमन म्हणून आयुष्यभर राबणाऱ्याला बढतीची वाट नाही, हेही त्यांनी सांगितलं.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन व्हाइसरॉयला दिलं. पेन की हातोडा असा वाद घालणाऱ्यांनी ते वाचावं. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशातल्या शिक्षणासाठीही, शिष्यवृत्त्या मागितल्या आहेत. आणि त्याच निवेदनात सरकारी छापखाने व रेल्वे यांत आपल्या मुलांना तंत्रशिक्षणाची सोय हवी, अशीही मागणी आहे. दोन्ही मागण्या एकाच कागदावर! युद्धकाळातलं तंत्रप्रशिक्षणही त्यांच्याच मजूर खात्याकडे होतं. पुढे १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आयटीआयचं जाळं उभं राहिलं. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केलं, आजचं मिलिंद.

मग गांधीजींच्या म्हणण्यात आणि यात फरक काय? फरक मोठा आहे. 'जातिनिर्मूलना'ला उत्तर देताना गांधीजींनी वाडवडिलांचा धंदा करून पोट भरावं, हा वर्णाचा नियम सांगितला. बाबासाहेबांची मागणी नेमकी उलटी होती. वाडवडिलांना ज्या धंद्याच्या जवळही फिरकू दिलं नाही, तो शिकण्याचा हक्क त्यांना हवा होता.

तरीही नुसत्या कसबाने मुक्ती मिळत नाही. घिसाडी समाज पाहा. पिढ्यान्‌पिढ्या लोखंड आणि विस्तव त्यांच्या हातात होता. विळे, कुऱ्हाडी घडवत हा समाज गावोगाव फिरला. पण जमीन नाही, शाळा नाही, म्हणून मुक्काम पालातच राहिला. म्हणूनच 'कौशल्य शिका' असं सांगत आपल्या पोरांना कॉलेजपासून आणि आरक्षणापासून दूर ढकलणाऱ्यांपासून सावध राहिलं पाहिजे. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला, पाठोपाठ सुटे भाग करणारे छोटे कारखाने आले. तिथे कंत्राटी हेल्पर म्हणून दहा वर्षं दुसऱ्याला रॉड देत राहणं, हे मनमाडच्या त्या कुलीचंच नवं रूप नाही का?

तेव्हा मित्रांनो, वेल्डिंग जरूर शिका, पण पूर्ण शिका. काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे पाहू नका, नाहीतर रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. चामडी हातमोजे आणि सुती कपडे घाला. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा धूर छातीत घेऊ नका. घरच्या वायरिंगला नीट अर्थिंग आहे की नाही ते आधी तपासून घ्या. गाडीवर काम करण्याआधी बॅटरीची वायर काढा. पेट्रोलची टाकी आणि सीएनजीचं सिलिंडर यांच्या वाटेला जाऊ नका. स्टीअरिंग, अ‍ॅक्सल, ब्रेक आणि चॅसिस ही कामं जाणत्या मिस्त्रीकडेच द्या. तिथे शंभर रुपये वाचवताना जीव जाऊ शकतो. फाळका, कॅरिअर, ब्रॅकेट यांवर मात्र बिनधास्त हात बसवा.

आणि हात बसला की तिथेच थांबू नका. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, तिथे आपल्या राखीव जागा आहेत, त्या रिकाम्या सोडू नका. प्रमाणपत्र घ्या, ड्रॉइंग वाचायला शिका, कोटेशन लिहायला शिका, दुकानाची पाटी स्वतःच्या नावाने लावा. आणि शिकलेलं कसब घरातल्या मुलीलाही शिकवा. ते फक्त मुलाकडेच राहिलं तर आपणही घरात नवा गावगाडाच उभा करू.

दुरुस्तीचे वाचलेले पैसे पोरांच्या फीला लागतील, तो फायदा आहेच. पण मनमाडला मागितलेला हक्क त्याहून मोठा होता. हत्यार आपलं, कसब आपलं आणि त्याचा मोबदलाही आपला.

जय भीम!