कापसाचा मुलूख आणि कादंबरीतील निसर्ग

कादंबरीतील निसर्गाचा विचार मराठी समीक्षेत बहुधा ‘वातावरणनिर्मिती’ या सदराखाली होत आला आहे. पाऊस, रान, डोंगर ही पात्रांमागील पार्श्वभूमी होय, अशी त्यामागील धारणा दिसते. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांतील कादंबरी या धारणेला छेद देते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि अन्य देशांतील लागवडीस चालना मिळाली. त्यांत वऱ्हाड होते, तसे ऑटोमन साम्राज्यातील चुकुरोवाचे मैदानही होते. १८७० मध्ये जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला तो खामगावच्या कापूसबाजारासाठी. या दोन्ही मुलखांत जमीन आणि माणूस यांच्यामध्ये दूरचा बाजार येऊन उभा राहिला.

चुकुरोवाचे कादंबरीकार यशार केमाल कुर्द कुटुंबात जन्मले, पण त्यांनी लेखन तुर्की भाषेत केले. त्यांच्या ‘ओर्तादिरेक’ (१९६०) या कादंबरीत टॉरस पर्वतातील एक गाव कापूसवेचणीसाठी पायी मैदानात उतरते. वाटेत घोडा मरतो आणि म्हाताऱ्या आईला घेऊन चालणाऱ्या अलीचे कुटुंब मागे पडते. कापूस फुटल्याची वेळ निसर्गातील खुणांवरून ओळखणारा वृद्धही त्या गावात आहे. हे ज्ञान पिढीजात आहे. मात्र ते ज्या शेतासाठी खर्ची पडते, ते शेत परक्याचे आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या कादंबरीत शेत घरचेच आहे. तरीही उच्चशिक्षित, पण नोकरीवाचून राहिलेल्या एकनाथाच्या कुटुंबाला बियाण्याची किंमत आणि मालाचा भाव या दोहोंवर अधिकार नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ गाव ओस पाडतो, तो नियतीसारखा. ‘बारोमास’मधील अवर्षणाला कर्जाची जोड आहे, त्यामुळे तेथे पाऊस हा निसर्गाचा तेवढाच अर्थव्यवहाराचाही प्रश्न ठरतो.

‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. परंतु तिचे वाचन ग्रामीण दुःखाची कथा एवढ्यापुरतेच मर्यादित ठेवणे अपुरे आहे. पर्यावरणनिष्ठ समीक्षेने अरण्याइतकेच पऱ्हाटीचे शेतही आपले क्षेत्र मानावयास हवे. अन्यथा ज्या भूमीवर निसर्गाशी माणसाचा संबंध रोजच्या कष्टातून येतो, तीच भूमी तिच्या दृष्टीआड राहील.