हत्यारपेटीचे वाचन : अमेरिकन यंत्रकारागिरांची जुनी मापनसाधने

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दफ्तरे ही प्रथम डोळ्यांसमोर येतात. कारखान्यातील कामगाराची हत्यारपेटी या यादीत सहसा गणली जात नाही. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील यंत्रशाळांत जी क्रांती घडली, तिचा प्रत्यक्ष वापरकर्त्याच्या हातचा पुरावा अशा पेट्यांतच उरला आहे. हजारांश इंचाचे माप कारखानदाराच्या कपाटातून सामान्य कारागिराच्या खिशात कसे आले, हे त्या पुराव्यावरून कळते. मात्र पेटी नीट वाचता आली पाहिजे.

वाचनाचा आरंभ पेटीपासूनच होतो. ओहायो राज्यातील डेटन येथे १९०६ साली स्थापन झालेल्या गर्स्टनर या कारखान्याच्या पेट्या या वर्गाचा उत्तम नमुना होत. ओकचे लाकूड, उथळ खण, हिरव्या बनातीचे अस्तर आणि उघडल्यावर तळाशी सरकवून ठेवता येणारी पुढची फळी ही त्यांची लक्षणे. खण उथळ आहेत ते घण किंवा पाने ठेवण्यासाठी नव्हेत. धक्का लागू नये अशा मापनसाधनांसाठी आहेत. अमेरिकन यंत्रशाळांत मोठी हत्यारे कारखान्याची असत; हातातील मापनसाधने मात्र बहुधा कारागीर पदरच्या पैशाने घेई. पेटीची रचना ही त्या मालकीचीच साक्ष आहे.

हत्यारांवरील अक्षरे हा दुसरा पुरावा. एखाद्या पोलादी पट्टीवर ‘डार्लिंग, ब्राऊन अँड शार्प’ असे नाव कोरलेले आढळले, तर तिचा काळ १८६६ ते १८९२ या मर्यादेत ठरतो. कारण ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथील ही भागीदारी तेवढीच वर्षे टिकली. पेटंटच्या दिनांकाविषयी मात्र सावध राहावे लागते. लॅरॉय स्टॅरेट याच्या जोडगुण्याचे पेटंट १८७९ सालचे. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅथॉल येथील त्याचा कारखाना १८८० सालचा. परंतु गुण्यावर १८७९ हा आकडा असला म्हणजे तो गुण्या त्याच वर्षी घडला असे होत नाही. तो त्यापूर्वीचा नाही, एवढेच सिद्ध होते. पुढे १९२७ च्या कायद्याने दिनांकाऐवजी पेटंटचा क्रमांक घालण्याचा नियम केला. त्यामुळे केवळ दिनांक असलेले हत्यार सामान्यतः त्याआधीचे मानता येते. हस्तलिखिताच्या कालनिर्णयात पूर्वमर्यादा आणि उत्तरमर्यादा यांचा जो विवेक लागतो, तोच येथेही लागतो.

पेटीतील सर्वांत बोलके साधन म्हणजे मायक्रोमीटर. पॅरिसच्या झाँ लोरां पामर याने १८४८ साली त्याचे पेटंट घेतले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात जोसेफ ब्राऊन आणि ल्युशियन शार्प यांनी ते पाहिले आणि पुढे आपल्या कारखान्यात त्याची निर्मिती सुरू केली. त्याची युक्ती साधी आहे. स्क्रूला इंचामागे ४० आटे असतात, म्हणून एका फेऱ्यात तो इंचाचा चाळिसावा भाग सरकतो. फिरत्या नळीवर २५ भाग पाडलेले असतात; त्यांतील एक भाग म्हणजे इंचाचा हजारावा अंश. तत्पूर्वी कारागीर कॅलिपरच्या स्पर्शावरून आणि एक भाग दुसऱ्याशी जुळवून माप ठरवीत असे. ते ज्ञान त्याच्या बोटांत राही. ते दुसऱ्याला सांगता येत नसे. मायक्रोमीटरने त्या स्पर्शाला आकडा दिला. आकडा कागदावर लिहिता येतो आणि दूरच्या कारखान्यात पाठवता येतो. परस्परांच्या जागी बसणारे सुटे भाग विपुल प्रमाणात करण्यास याचे मोठे साहाय्य झाले.

साधनांची नावेही हीच कथा सांगतात. पिएर व्हर्निए याने १६३१ साली वर्णिलेली मोजपट्टी त्याच्याच नावाने ओळखली जाते. फ्रेंच कारागीर मायक्रोमीटरला ‘पामर’ म्हणतो, तर इंग्रजीभाषक ‘माइक’. विशेषनामाचे सामान्यनाम झाले, म्हणजे वस्तू तज्ज्ञांच्या कक्षेतून बाहेर पडून रोजच्या व्यवहारात रुळली, असे समजावे. मराठी कारागिराच्या तोंडीही असे थर दिसतात. परकार हा फारसीतून आलेला शब्द. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हे इंग्रजीतून आलेले. आणि इंचाच्या अष्टमांशाला मात्र तो ‘सूत’च म्हणतो.

आटे तपासण्याच्या दातेरी पात्यांवरून हत्याराचे कुळ कळते. व्हिटवर्थने १८४१ साली इंग्लंडमध्ये सुचविलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. सेलर्सने १८६४ साली अमेरिकेत मांडलेल्या पद्धतीत तो ६० अंशांचा. ब्रिटिश यंत्रांबरोबर व्हिटवर्थचे आटे भारतातील रेल्वेच्या कारखान्यांत आले. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे बोल्ट एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांची समान पद्धती मान्य केली. पेटीत दोन्ही कोनांची पाती एकत्र सापडली, तर तिच्या मालकाला दोन्ही परंपरांची यंत्रे हाताळावी लागत असावीत, असे अनुमान करता येते.

अखेरचा पुरावा मालकाचा. हत्यारांवर ठोकलेली नावे, एक नाव खोडून त्याशेजारी कोरलेले दुसरे, उमेदवारीच्या काळात स्वहस्ते घडविलेला एखादा शिकंजा, टोकाशी झिजलेली पट्टी, या सर्वांना अर्थ आहे. पट्टीचे टोक झिजले की जाणता कारागीर शून्याऐवजी एक इंचाच्या रेघेपासून मोजी. ती झीज हा दोष नव्हे. ती कामाची नोंद आहे.

म्हणूनच अशी पेटी हाती आल्यावर ती घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह घातक ठरतो. तारेच्या ब्रशाने गंजाबरोबर बारीक रेघा आणि नावेही जातात, आणि गुण्याच्या कडा गोलावल्या की त्याचा काटकोन विश्वसनीय राहत नाही. हलके तेल आणि मऊ कापड एवढेच बहुधा पुरेसे असते. त्याहून मोठी हानी हत्यारे सुटी विकण्याने होते. एकटा मायक्रोमीटर कारखान्याचा इतिहास सांगेल. कोणत्या खणात कोणत्या हत्याराशेजारी तो होता हे ठाऊक असेल, तरच तो माणसाचा इतिहास सांगेल. ज्या कामगारांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, त्यांचे लेखन या खणांत आहे. खण रिकामे करण्यापूर्वी त्यांची क्रमवार नोंद करणे, हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.