पेटी उघडणारे हात कुणाचे?

गेल्या काही वर्षांत ग्रंथपाल आणि अभिलेखपाल यांच्यासाठीच्या कार्यशाळा आणि वेबिनार भरपूर होऊ लागले आहेत. जुने कागद कसे जपावेत, स्कॅन कसे करावेत, सूची कशी करावी हे त्यांत शिकवतात. आपल्या चळवळीतला तरुण तिकडे फारसा फिरकत नाही. "ते नोकरीतल्या बढतीसाठीचं काम, त्याचा आणि आंबेडकरी चळवळीचा काय संबंध?" असे आम्हाला अनेकांनी विचारले आहे. आमचे म्हणणे असे की संबंध फार जुना आहे. तो कळला नाही म्हणून आपण बरेच गमावले आहे.

सुरुवात कोलंबियापासून करू. बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ. ग्रंथपालांना रीतसर शिक्षण देणारी जगातली पहिली संस्था याच विद्यापीठात १८८७ साली मेलव्हिल ड्युई यांनी सुरू केली. (बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्युई वेगळे, हा घोळ नको.) पहिल्या वर्गातल्या २० विद्यार्थ्यांपैकी १७ स्त्रिया होत्या. विद्यापीठाच्या विश्वस्तांना ते रुचले नाही आणि दोनच वर्षांत ही शाळा कोलंबियातून आल्बनीला हलवावी लागली. मात्र स्त्रियांसाठी दार उघडणाऱ्या याच ड्युईंच्या लेक प्लॅसिड क्लबमध्ये ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढले. ज्ञानाची मांडणी करणारा माणूस समतावादी असेलच असे नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा.

त्यांच्या दशांश वर्गीकरणातही तो दिसतो. धर्मासाठी २०० ते २९९ असे शंभर क्रमांक आहेत. त्यांतला सिंहाचा वाटा ख्रिस्ती धर्माकडे गेला आणि जगातले बाकी धर्म २९०च्या कोपऱ्यात कोंबले गेले. बौद्ध धर्माला मिळाले २९४.३. कपाटावरचा क्रमांक निरुपद्रवी दिसतो, पण कोण मध्यभागी आणि कोण कडेला हे तोच ठरवतो. गावाची रचना ज्यांनी गावकुसाबाहेरून पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

ड्युईंच्या शाळेत शिकवलेले विल्यम बॉर्डन यांना सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बडोद्यात आणले. १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. भारतातला हा असा पहिला वर्ग मानला जातो. गावोगावी वाचनालये आणि फिरती ग्रंथालये यांचे जाळे संस्थानात उभे राहिले. सयाजीरावांचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. भीमरावांना अमेरिकेला पाठवणारी शिष्यवृत्तीही त्यांचीच होती.

पण पुढे काय झाले? १९१७ साली बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. ग्रंथालय चळवळीत देशात पहिल्या असलेल्या या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. मित्रांकडेही सोय झाली नाही, तेव्हा कामाठी बागेतल्या झाडाखाली त्यांनी तासन्‌तास बसून काढले. पुस्तके गावोगावी फिरत होती आणि ज्याने ती वाचली होती त्याला शहरात थारा नव्हता. ग्रंथपालाला सूची शिकवता येते, पण जात सोडायला त्या वर्गात कोणी शिकवत नव्हते.

आता मुख्य मुद्दा. बडोद्याची ही हकीकत बाबासाहेबांच्याच शब्दांत आपल्याला कशी कळली? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या हस्तलिखितातून. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली छापले, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर ३४ वर्षांनी. तोवर ते टिकले, कारण कुणीतरी ते कागद फेकून दिले नाहीत. आपला इतिहास असा एकेका कागदाच्या नशिबावर उभा आहे.

६ डिसेंबर १९५६ नंतर दिल्लीतली बाबासाहेबांची कागदपत्रे न्यायालयाच्या ताब्यात गेली आणि वर्षानुवर्षे पेट्यांमध्ये पडून राहिली. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडांत छापायला सुरुवात केली. वसंत मून यांनी संपादनात आयुष्य ओतले. त्याआधी चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच साधने गोळा करून १९५२ साली चरित्राचा पहिला खंड काढला होता. ही माणसे निष्ठेने अभिलेखपाल झाली. आज आपल्या हातात जे आहे त्यातले बरेचसे त्यांच्यामुळे आहे.

पण निष्ठेला मर्यादा असतात. १९८७ साली 'रिडल्स इन हिंदुइझम' छापताना हस्तलिखिताची अंतिम प्रत संपादक समितीला मिळाली नव्हती. सुटे टंकलिखित कागद होते, काहींवर बाबासाहेबांच्या हातच्या दुरुस्त्या होत्या. प्रकरणांचा क्रम समितीला लावावा लागला. राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून पेटलेला वाद सर्वांना आठवतो. 'कोणता कागद कोणत्या पेटीत, कशाच्या खाली होता?' हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. अभिलेखशास्त्र त्याला मूळ क्रम म्हणते. कागद ज्या क्रमाने ठेवलेला सापडला तो आधी नोंदवायचा, मगच हलवायचा. लेखकाचा विचार कोणत्या वाटेने गेला हे अनेकदा तो क्रमच सांगतो. एकदा गठ्ठा विस्कटला की तो पुरावा परत मिळत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना शिकवण्यासाठी लिहीत नाही. आमच्या हातूनही हेच पाप घडले आहे. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका वृद्ध कार्यकर्त्याची ट्रंक त्यांच्या मुलाने आमच्याकडे दिली. जयंतीची पत्रके, मोर्चाच्या पावत्या, समता सैनिक दलाचा एक फोटो, 'प्रबुद्ध भारत'चे काही अंक. आम्ही उत्साहाने सगळे बाहेर काढले, विषयवार गठ्ठे केले, फाटलेल्या पत्रकांना सेलोटेप लावली आणि फोटो लॅमिनेट करून विहारात टांगला. पुढे एका वेबिनारमध्ये बाईंनी सांगितले की सेलोटेपचा गोंद कागदात उतरून तपकिरी डाग पडतात आणि लॅमिनेशन कागद न दुखावता काढणे जवळजवळ अशक्य असते. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहिली होती. आता ती प्लॅस्टिक आणि पुठ्ठ्याच्या मध्ये आहेत. ती ओळखू शकणारे बाबा वारले.

त्या दिवसापासून आम्ही दोन तासांचे प्रशिक्षण कमी लेखणे सोडले. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडून तुकडे होतात. म्हणजे 'जनता'चा अंक कुणाच्या माळ्यावर असेल, तर तो रोज थोडा थोडा संपतो आहे. आपण व्याख्यानमाला ठरवेपर्यंत तो थांबणार नाही.

काही मित्र म्हणतात, "हे सरकारचं काम आहे." मान्य, आणि ते मागितलेच पाहिजे. महाराष्ट्रात उत्कृष्ट ग्रंथालयाचा शासकीय पुरस्कार बाबासाहेबांच्या नावाने दिला जातो आणि उत्कृष्ट ग्रंथालय कार्यकर्त्याचा रंगनाथनांच्या नावाने. नावे दिली, आता हक्कही द्या. १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयांतल्या सेवकांना अभिलेख जतनाचे नियमित प्रशिक्षण मिळाले पाहिजे आणि ते मराठीत मिळाले पाहिजे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आहेत, पण विहारातले वाचनालय चालवणारी मुलगी दिल्लीला जाऊन राहण्याचा खर्च कुठून करणार?

सरकारवर सोडून मात्र चालणार नाही. प्रस्थापितांच्या घरचे कागद संस्थांनी जपले, कारण संस्था त्यांच्या होत्या. आपल्या आजोबांच्या पावतीला कुणी ऐतिहासिक दस्तऐवज म्हटले नाही. ते आपणच म्हणायचे आहे आणि तसे वागवायचेही आहे.

म्हणून प्रत्येक विहारातून निदान दोघांनी, त्यात एक मुलगी हवीच, अशी एखादी कार्यशाळा करावी. तोवर तीन गोष्टी पाळा. पेटी उघडण्याआधी आणि प्रत्येक थर काढण्याआधी फोटो काढा. नोंद पेन्सिलीने करा, मूळ कागदावर काहीही चिकटवू नका. आणि पेटी देणाऱ्याला आधी बोलते करा, कारण कागदाच्या आधी माणूस जातो.

जय भीम.