गिटार आणि सहा अक्षरं

गिटारवर स्वतःचं गाणं करताना बहुतेकांना चाल आधी सुचते. शब्द मागून ओढून आणावे लागतात. कोल्हापूरजवळच्या कोडोलीला ही ओढाताण नवी नाही. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांनी सुरू केलेलं मिशन पुढे कोडोलीतही पोहोचलं. तिथे चर्च झालं, दवाखाना झाला. अशा मिशनांच्या उपासनेत परक्या चालींवर मराठी शब्द बसवले जात. मग ऱ्हस्व अक्षर ताणलं जाई, दीर्घ आखडलं जाई.

१८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी उलट वाट धरली. श्रद्धा नवी, पण गाणं अभंगाचं, बाज कीर्तनाचा. मोठ्या अभंगात ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. टिळक १९१९ साली गेले. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात.

गिटार बाहेरून आली म्हणून गाणं परकं होत नाही. भजनातली पेटीही बाहेरूनच आली. कॉर्ड धरण्याआधी ओळ नुसती बोलून बघा. जीभ अडखळली, तर चूक बोटांची नाही.